यादीतला सांगाडा

—नाही नाही, जन्मतारीख अंकात नाही, अक्षरी लिहायची. थांबा, मीच लिहितो. तीस वर्षं विद्यापीठाच्या आतल्या खिडकीत बसून असलेच फॉर्म परत केले, आता बाहेरच्या बाकावर बसून भरून देतो — प्रायश्चित्त म्हणा, सवय म्हणा. सवयच. मुलगी म्हणजे ती पाण्याच्या टाकीपाशी बसलीय तीच ना? बरं. अभ्यासक्रम फिजिओथेरपी. कॉलेज? — हं. पुलापलीकडचं. घराजवळ पडतं, हो. सगळे हेच म्हणतात.

आणि पदवी विद्यापीठाचीच मिळणार, हेही म्हणतात. मिळते ना — शिक्का अस्सल, त्यात खोट नाही. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, शिकवायचं तेवढं त्या कॉलेजला चालवायला दिलेलं. ते चालतंय का हे बघायला दरवर्षी समिती जाते — तिघे प्राध्यापक आणि यादी लिहायला एक कारकून. कारकून मी. समिती अचानक जात नाही हं, ते असभ्य दिसतं. आदल्या दिवशी मीच फोन करायचो, उद्या येतोय म्हणून. तर पहिल्या कॉलेजात काचेच्या कपाटात सांगाडा — खराखुरा, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. पुढच्या आठवड्यात दुसरं कॉलेज, दुसरं कपाट, आत तोच. पुलापलीकडे तिसऱ्यांदा भेटला — नमस्कार तेवढा करायचा राहिला. मेल्यावर इतकं फिरणं कुणाच्या नशिबी असतं? मी समितीतल्या सरांकडे पाहिलं, सरांनी पंख्याकडे पाहिलं, म्हणाले, लिहा. लिहिलं. मानवी सांगाडा, नग एक, सुस्थितीत. बोटांसाठी रकाना नव्हता.

माझ्या मुलीनं तिथेच नाव घातलं. काय सांगणार होतो मी — जाऊ नकोस? अहवाल माझ्याच अक्षरातला. पहिल्याच वर्षी एकदा जेवताना म्हणाली, बाबा, आमच्याकडे सांगाडा नाहीये हो, सगळं चित्रांवरच चाललंय. मी म्हटलं, आहे. यादीत आहे. मी स्वतः पाहिलाय. ती ताट उचलून आत गेली. परत काही विचारलं नाही तिनं. दुसरीकडे घालू तुला, एवढं म्हणायला चार वर्षं होती माझ्याकडे — वेळ नव्हता असं नाही. त्या चार वर्षांत अहवाल मात्र चार लिहिले, मागचा समोर ठेवून.

मग काय — मिळाली पदवी. एका हॉस्पिटलात मुलाखतीला डॉक्टरांनी खांद्याचं हाड तिच्या हातात दिलं, विचारलं, डावं की उजवं? तिला सांगता आलं नाही. हाड पहिल्यांदाच हातात आलेलं. त्याच हॉस्पिटलात आता खिडकीत बसते, केसपेपर लिहिते. अक्षर माझ्यावर गेलंय, लोक कौतुक करतात. घरी बोलतो आम्ही, नाही असं नाही — दूध तापवलंय, किल्ली खिळ्याला आहे. इतपत. — हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? तुम्ही तर फक्त पिनकोड विचारलात.

झाला फॉर्म. कॉलेजचा रकाना तेवढा मोकळा ठेवलाय. कॉलेजांच्या यादीत आणखी एक आहे बघा, शेवटचं — बसनं दोन तास. तिथला सांगाडा भिंतीला बोल्टनं बसवलाय, मी ओढून पाहिला होता, हलला नाही. मुदत आज पाचपर्यंत. आत्ता कुठे तीन वाजलेत. विचारा तिला एकदा, टाकी काही लांब नाही — नको? दोन तास म्हणजे लांबच, हो. मुलीची जात, तेही खरं. मग हे पेन घ्या. त्या रकान्यात मी लिहीत नाही.

…

पुलापलीकडचंच. बरं. अक्षर छान आहे हो तुमचं. — सही इथे, पालकांची. चला, पुढचे कोण?