साहेबाकडे पाठ

आमचं घर विणकराचं, नागपुरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग, तर पाळण्यापेक्षा मले मागाच्या खटखटीनंच झोप येत होती म्हण ना. माहे हात मागावर आहेत, मी सांगते तसं तू लिही वं वैनी, तूही चवथीच शिकली अन् मीही, चुका झाल्या तर कोण पाहणार आहे.

तर चवथीत आम्हाले एक बाई होत्या. बाकी शाळेत पाढ्यांचा नुसता गलका, अन् आमच्या वर्गात बाईंनी मोडक्या बाजेची चौकट उभी करून तिच्यावर सूत ताणलेलं. बाई म्हणत, पोरीहो, यावर चौकड्यांची पट्टी विणायची, पण पहिले पाटीवर चौकोन काढून दाखवा, लाल किती, पांढरे किती, अर्ध्यात किती अन् पावात किती. मले पावकीचा पाढा कधी पाठ झाला नाही, पण कापडाच्या दोन घड्या घातल्या की पाव डोळ्यासमोर दिसे. कापूस नरखेडाकडून कसा येते तो भूगोल त्याच सुतावर, अन् धागे मोजायचं गाणंही आम्हीच बांधलेलं. माहा बाप हसे. म्हणे, शाळेतही मागच आहे तर घरचा काय वाईट आहे?

त्याले घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायले हात पाहिजे होते, चवथी झाली की पुरे म्हणे. बाई घरी आल्या, म्हणल्या तपासणीचे साहेब येऊन राहिले, त्यांनी शिफारस केली तर पोरीची पाचवीची फी माफ होईल. बाप म्हणाला, साहेब म्हणतील तर जाऊ द्या.

काय सांगू वैनी तुले, साहेबांनी आल्या आल्या पाढे विचारले अन् साऱ्या पोरी अडखळल्या. मंग बाईंनी मले पुढे केलं. साहेबांनी छडी चौकटीवर ठेवली, विचारलं, बारा चौकोनांतले पाऊण लाल, तर पांढरे किती? तीन माह्या ओठावरच होते, पण तेवढ्यात छडी लागून एक धागा तुटला. आता आमच्या घरची रीत अशी, की धागा तुटला तर पहिले तो सांधायचा, दारात कोणी का उभं राहीना. मी वळली, वाकली, गाठ मारली. उठून पाहते तर साहेब बाईले बोलून राहिले, पोरीले उत्तर येत नाही अन् वरून पाठ दाखवते, ही शाळा आहे का कारखाना? मी तीन म्हणली, पण इतक्या हळू की बाईलेही ऐकू नाही गेलं. अन् साहेब दारापर्यंत पोचले होते.

बाप रागावला असता तर मी रडून मोकळी झाली असती. तो तर खूश झाला. म्हणे, तुटला धागा पहिले सांधला ना, मंग माही पोरगी पास. दुसऱ्या दिवशी मले कांड्यांवर बसवलं. अन् साहेबाच्या बोलण्यानं बाईंच्या वर्गातली चौकटही काढून टाकली.

आता माही पोरगी पहिलीत जाते. तिचे गुरुजी दिवसभर पाढेच घोकवतात. वाटते जाऊन सांगावं, एक चौकट उभी करून पाहा जी, पण फाटकापर्यंत जाते अन् परत येते. पोरीले मात्र बजावते, साहेबासमोर धागा तुटला तर तुटू दे, पहिले बोल. ती हो म्हणते. पण कांड्या भरता भरता धागा तुटला की अर्धं बोलणं सोडून पहिले गाठ मारते, अन् मी रागावायले तोंड उघडते तर माह्या तोंडून शाबासच निघते.