झुंबर लुकलुकतंय

...नाही, पण मी म्हणतो, ज्याचं अर्धं डोकं दुखतं त्यानं झुंबरांच्या दुकानात नोकरी का करावी? पण करतोय. दुकान पडलं बायकोच्या दादांचं, त्यामुळे नोकरी सुटत नाही आणि मालकही सुटत नाही... तुम्हाला सांगतो, मायग्रेन म्हटलं रे म्हटलं की दादा खुर्चीतून न उठता विचारणार, "अर्धंच दुखतंय ना? मग उरलेल्या अर्ध्यानं गिऱ्हाईक बघा."

मग काय, बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळे लावून दाखवा हं," मी बटणं दाबतो, दुकान लखलखतं आणि इकडे कवटीत कोणीतरी खिळे ठोकायला बसतं. बायकोला सांगावं तर ती म्हणते, "बरं नेमकं सेलच्या दिवशी दुखतं तुमचं." अगं, सेलच्या दिवशीच दुखणार ना, जेवायला फुरसत नाही, दिवे सगळे चालू...

डॉक्टरीणबाई मात्र भल्या. म्हणाल्या, "उपाशी राहू नका, झोप मोडू नका, चाहूल लागताच गोळी घ्या, अंधारात शांत पडा. मुख्य म्हणजे प्रखर उजेड टाळा. काम काय करता?" मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

आता चाहूल म्हणजे काय, तर दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चकाकत्या रेघा नाचतात. हे मला आधी कोण सांगणार? मी आपला इमानेइतबारे गिऱ्हाइकाला सांगायचो, "ताई, हे नका घेऊ, लुकलुकतंय," आणि शिडीवर चढून चांगली झुंबरं उतरवून ठेवायचो. दादांनी तपासली, तर सगळी ठणठणीत. म्हणजे कामचुकार मी होतोच, आता दुकान बुडवायलाही निघालो. खरं सांगू? डोक्यापेक्षा तेच जास्त लागलं मला.

आणि परवा दादाच म्हणतात, "अहो, ते मोठं झुंबर काढा, लुकलुकतंय."

मी वर पाहिलं. झुंबर बंद होतं.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि कीव आली हो. तरी विचारलंच, "अर्धंच ना?" आणि धरून नेलं बाईंकडे.

तेव्हापासून दादांचा माझ्यावर पूर्ण विश्वास. पण दुकानात अंधारी खोली एकच, खोक्यांमागची. काल रेघा दिसल्या, गोळी घेतली, चाचपडत आत गेलो, तर दादा आधीच आडवे. म्हटलं, "सरका, अर्धीच जागा मागतोय." बाहेर गिऱ्हाईक हाका मारतंय, "कोणी आहे का?"

दादा कण्हत म्हणाले, "तुमचं अर्धं, माझं अर्धं... एक अख्खं डोकं शिल्लक आहे की."

म्हटलं, "हिशोब बरोबर आहे, दादा. पण ते घेऊन उठणार कोण?"