रावसाहेब, रावबहादूर आणि नवीन भरती

नाही, आज नाही जमणार. आज तिन्ही बुक आहेत — तिसरा तर आत्ता दुपारी आलाय, अजून त्यानं धड पाणीही प्यायलं नाही, आणि लगेच बुक. उद्या या. नाही नाही, उद्या खालच्या तुळसाबाईंकडे नंबर आहे, परवा या. तुमच्याकडे किती असतील साधारण? माणसं नव्हे हो, ढेकूण. बरं, बसा तर खरं, उन्हातून आलेले दिसता. तिथे नको, त्या बाकाच्या फटीत — हां, इकडे पायरीवर बसा. दगडात ते राहत नाहीत. टेंभी नाक्यावरनं आलात ना? ओळखलं मी. तिकडची माणसं अशीच येतात, कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडातून शब्द नाही, नुसतं पेटीकडे बघत उभं राहायचं. मागे एक वकील आलेले, रुमालात तोंड घालून, जसं काही गुत्त्यातच शिरतायत. अहो, ढेकणांची कसली आलीय लाज? या नौपाड्यात एक घर दाखवा बिनढेकणाचं.

बघा ना, लाजू नका, झाकण काढतो. ही आंब्याची पेटी, मधे जाळी मारलीय. अलीकडे जुने दोघं — एक रावसाहेब, एक रावबहादूर. इंग्रज गेला, पदव्या बंद झाल्या, उगाच वाया चाललेल्या, म्हटलं आपल्या घरात वापरू. हा समोर बसलाय तो रावसाहेब. दुसरे पेंढ्यात घुसलेत, रुसलेत. आणि जाळीपलीकडे ही नवीन भरती. गिनीपिग म्हणतात, पिग म्हणजे डुक्कर, पण डुकराशी काही संबंध नाही. आमचा परशुराममामा परळला औषधाच्या कारखान्यात या जनावरांना दाणापाणी करतो, त्याच्याकडे कोपरीला चार-दोन जास्तीचे असतात. तिथनं आणला, पिशवीतनं, कोथिंबिरीच्या जुडीखाली. पुलावर आवडाबाई भेटली, आमची कोळीण, पिशवी हलताना बघून आत डोकावली, म्हणते, 'यो कसला रं उंदीर? शेपटी कुठं हाय त्याची?' म्हटलं, आवडाबाई, शेपटी मागनं येतेय, पार्सलनं. 'बरं' म्हणाली आणि गेली पाटी घेऊन! तोंड सरळ ठेवून सांगितलं ना, की लोकांना काहीही चालतं. तोच तर सगळा घोळ आहे इथे.

कसला घोळ? काही नाही. — आत्ता ते दार वाजलं का? ते, डावीकडचं, हिरवं. नाही ना? मला वाटलं वाजलं.

हं, तर ते त्र्यंबककाकांचं दार. कचेरीतनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, आता आमच्या चाळीचे सेक्रेटरी. मी या दोघांना घेऊन आलो तेव्हा काका जिन्यातच आडवे — 'हरिहर, चाळीत जनावर पाळायची परवानगी नाही.' आता मी काय करणार? म्हटलं, काका, जनावर नाही हो हे, विलायतेत हे ढेकणांसाठी ठेवतात. खातात. रात्रीत खाट साफ. इंग्रजांच्या सगळ्या बंगल्यांत होते, म्हणून तर इंग्रजांना ढेकूण चावायचे नाहीत. हे मी सहज बोललो हो, दोन मिनिटांत हसून संपेल म्हणून बोललो. काका हसलेच नाहीत. चष्मा पुसला, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, 'आज आमच्याकडे पाठव.'

मग? मग काय, पाठवले. आणि ऐका, ढेकूण गेले! खरंच गेले. का गेले ते सांगतो, तुम्ही टेंभी नाक्याचे, इथे कुणाला सांगायला येणार नाही. विलायती पाहुणा येणार म्हटल्यावर काकूंनी खाट गॅलरीत काढली, फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, गाद्या दिवसभर उन्हात टाकल्या, कोपरे रॉकेलनं पुसले. त्याच्यासमोर घाण दिसायला नको! मग रात्री रावसाहेब त्या चकचकीत खाटेखाली गवत खात बसले आणि सकाळी सगळं श्रेय त्यांना. तेव्हापासून नंबर लागतात. एरवी जी खाट वर्षानुवर्षं हलली नाही ती यांच्या नावानं हलते. मी कुणाला काय सांगू? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार आता?

नाही खात हो. ढेकूण नाही खात. कोथिंबीर खातात, गाजराचा पाला खातात. एकदा काकांचं रेल्वेचं टाइमटेबल खाल्लं, कल्याणपर्यंत.

एकटी हेमा पहिल्या दिवशीच समजली. काकांची मुलगी. काका रावसाहेबांना अगदी ताटातून घेऊन चाललेले, ही दारात उभी, माझ्याकडे बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि आत पळाली. आतनं हसण्याचा आवाज. नंतर नळावर भेटली तेव्हा म्हणते, 'काय रे हरी, यांच्या ऐवजी घोड्याचं पिल्लू आणलं असतंस तर उवा खातं म्हणून सांगणार होतास का?' तशी आहे ती. तुमच्या-माझ्यासारखी सरळ नाही.

थांबा, हे बघा, हे बघा! हे सुरू झालं परत. दातावर दात — ऐकू येतंय? कट कट कट. दुपारपासनं हेच. काका म्हणाले, नवीन आहे, लगेच एकट्यानं कामावर घालू नकोस, आधी जुन्यांच्या हाताखाली दे, काम शिकेल, मग बघू कायम करायचं का ते. काकांच्या डोक्यातनं कचेरी जात नाही. मामानं सांगितलेलं वेगळंच, आधी जाळी ठेव, वास येऊ दे एकमेकांचा, जुन्यांचा पेंढा नव्याच्या अंगाला चोळ, मग तिसऱ्याच जागी, जी कुणाच्याच मालकीची नाही, तिथे सोड तिघांना आणि मधे पाला टाक. म्हणून तर इथे गॅलरीत बसलोय. सगळं केलं. पण गंमत बघा, नव्याला कुणी काही करत नाही. भांडतायत हे दोघं! एका काडीची दोन टोकं दोघं चघळायचे हो, पाठीला पाठ लावून झोपायचे. तो आल्यापासनं रावसाहेब फुगून फिरतोय, रावबहादूरला पेंढ्यातनं डोकं काढू देत नाही. काय बिनसलं कळत नाही. आणि पाच वाजता मला तिघं आत द्यायचेत.

आत म्हणजे काकांकडे. आज पाचला हेमाला बघायला येतायत. मुलाकडचे.

तो वास येतोय ना, फोडणीचा? पोहे. अजून फोडणीच आहे म्हणजे वेळ आहे. आहे ना वेळ? तुम्ही काय मघापासनं घड्याळ बघताय, तुम्हाला कुठे जायचंय? बसा हो.

आता तुम्ही विचाराल, मुलगी बघायच्या कार्यक्रमात गिनीपिग कशाला? विचाराल ना? तर दोनदा काय झालं सांगतो. काकांकडे एकच बरी खुर्ची आहे, वेताची, खिडकीपाशी, तीत मुलगा बसतो. पहिला कल्याणचा, बँकेतला. पोह्यांचा दुसरा चमचा तोंडात आणि याची मांडी हलायला लागली. मग दुसरी. मग उठला, बसला, उठला. वडील म्हणाले, चिरंजीवांना बरं वाटत नाही. गेले, ते कळवतो म्हणाले आणि कळवलंच नाही. दुसरा मास्तर, भक्कम गडी, तो चहापर्यंत टिकला. पण शेवटी भिंतीला पाठ घासायला लागला हो, बैलासारखा! काकांना कळेना. आदल्या रात्री रावसाहेब आणि रावबहादूर दोघं त्या खुर्चीखाली ड्युटीला होते. मग काकांनी निष्कर्ष काढला, हे जुने झाले, दात गेले, नवीन भरती करा. म्हणून आजचा हा कोपरीचा. कळलं?

आता खरं काय ते — जाऊ दे. नाही, सांगतो, तुमचा चेहरा बरा आहे, तुम्ही हसत नाही, मला न हसणारी माणसं आवडतात. ही काड्यापेटी बघा. उघडू नका! कानाला लावा. काही ऐकू येत नाही? येणार नाही, पण आत आहेत. आणा इकडे, माझ्या खिशातच बरी. चांगले टपोरे, आमच्या खाटेचे, आमच्याकडे कुणी पाणी ओतत नाही, नंबरच लागत नाही आमचा. कल्याणवाला येणार त्या दिवशी दुपारी हेमा इथे आली, रिकामी काड्यापेटी माझ्या पुढ्यात धरली, म्हणाली, 'भरून दे.' इतकंच. मी विचारलंसुद्धा नाही कशाला. भरून दिली. तिनं नेली, त्या वेताच्या भोकांतून एक एक सोडला. दुसऱ्या वेळीही तसंच, पेटी पुढे, 'भरून दे.' त्यानंतर आम्ही या पायरीवर बसून इतके हसलो, इतके हसलो की ती उठून जाईना. बराच वेळ. मी काही बोललो नाही. बोलायचं काय? मला अजून कुठे चिकटायचंय, नोकरी नाही, आणि काकांसमोर उभा राहिलो तर ते मलाच विचारतील, हरिहर, तू काय खातोस?

आज मी आधीच भरून ठेवलीय. सकाळीच. ती यायचीय न्यायला. येईल. दोनदा दारात आली, एकदा तांब्या घेऊन, एकदा गजरा घ्यायला, इकडे बघितलं नाही. काकू मागे असतील. नवीन आणलाय म्हणून मोठ्यांदा ओरडलोही, 'हेमा, बघ गं, नवीन आला!' तर आतनं म्हणाली, 'नंतर बघते.' नंतर! मे महिन्यात मावशीकडे राहून आली ना, तेव्हापासनं जरा अशीच आहे. गुणगुणते काहीतरी. विसरत असेल. पण हे कसं विसरेल? — आता वाजलं ना दार? नाही?

काय म्हणालात? मादी? कोण मादी? हा? अहो, मामा तीस वर्षं — तुम्ही नीट बघितलंत? उचला, उचला, चावत नाही. बघा, तुमच्या हातात कसा गप्प बसला. बसली. मादी. अच्छा. तरीच. तरीच हे दोघं. मग आता? जाळीनं नाही भागायचं? हो, कळतंय मला, दोघांतल्या एकाला बाहेर काढावं लागेल. दिसतंय की मलाही. कुणाला पण? रावसाहेब आधीपासनं — म्हणजे दोघंही आधीपासनंच — 

कुठला कान?

फाटक्या कानाचा कुठाय असं विचारलंत ना तुम्ही आत्ता? तो काय पेंढ्यात, रावबहादूर. पण तुम्हाला कसं कळलं त्याचा कान फाटलाय? तुम्ही आल्यापासनं तो बाहेर आलेला नाही. मी सांगितलं? नाही सांगितलं मी. मी सगळं सांगितलं, ते नाही सांगितलं. मांजरानं फाडला तेव्हा इथे हेमा होती आणि मी होतो. तिनं केसांची रिबीन काढून बांधलेली त्याला, गुलाबी, दोन दिवस रावबहादूर गुलाबी बो लावून फिरत होते. तिसरं कुणी नव्हतं. तिनं सांगितल्याशिवाय —

तुम्ही टेंभी नाक्यावरचे ना?

नाही म्हणालाच नाहीत तुम्ही. हो असंही म्हणाला नाहीत. मीच म्हणालो. मग कुठले?

डोंबिवली.

मावशीच्या शेजारी.

असं. म्हणजे मे महिना. म्हणजे मी मघापासनं — आणि तुम्ही बसलात दगडावर, ऐकत, इस्त्रीच्या शर्टात. आईवडील मागनं येतायत, तुम्ही पुढे आलात. बरोबर आहे, पुढेच यावं. छान केलंत. ढेकणांचं तिनं सांगितलं होतं तुम्हाला? सगळं? मीसुद्धा? काय सांगितलं माझ्याबद्दल? — नको, नका सांगू. नाहीतर सांगा. नको.

हसलात. म्हणजे हसता तुम्ही.

द्या ती माझ्याकडे. नाही, राहू दे, तुमच्याकडे गप्प बसलीय. असं करा, तिला तुम्हीच न्या आत. काकांना सांगा, नवीन भरती, काम शिकवलेलं आहे. रावबहादूरही न्या, हा घ्या, कानाला धरू नका, दुखतं अजून. तो तिचा लाडका आहे. रावसाहेब राहील इथे. त्याला काही होत नाही, त्याला सवय आहे.

पाच वाजले की हो. मोहरीचा वास गेला, म्हणजे पोहे झाले. हिरवं दार. वाजवायला लागणार नाही तुम्हाला. आणि खिडकीपाशी वेताची खुर्ची असेल, तीतच बसवतील. बसा. अगदी बिनधास्त बसा, मागे टेकून बसा. आज त्या खुर्चीत एकही नाही. शपथ घेऊन सांगतो, सगळे इथे आहेत, माझ्या खिशात.

जा ना. काय बघताय?