राष्ट्रपतीसाठी भांडण

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमच्या खारबावजवळच्या पाड्यावर काय झालं माहितीये? आई म्हणे, "उभी राहिलेली बाई आपल्या आदिवासींतली हाय, माझं मत तिलाच." शेजारची काकी म्हणे, "आमदारबी आपल्यातलाच हाय, त्यानं काय दिलं? मी दुसऱ्याला देऊन बघनार." एवढ्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. शेवटी मीच सांगितलं, "अगं, यात आपलं मत नसतंच. आमदार-खासदार देतात."

बाई निवडून आल्या, तसा आमदाराच्या माणसानं पाड्यावर टेम्पो आणला. "मिरवणूक हाय, सगळ्या बाया नाचायला चला!"

आई जागची हलली नाही. काकी त्याला म्हणाली, "मत द्यायला आमदार एकटाच गेलता ना? मंग नाचायलाबी त्यालाच सांग."