राजीनामा दिला की झाला

जबाब देणार: श्रावस्ती प्रज्योत तांबे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार गुदैबिया, मनामा, बहरीन. मूळ गाव खेड, जिल्हा रत्नागिरी. ओळखीदाखल इथले सीपीआर कार्ड दाखवले.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, दुभाषी श्री. शंभू यांच्यासमोर मराठीत सांगते की, मी सीफ येथील एका संरक्षण व सुरक्षा धोरण संस्थेत नियामक मंडळाचे कार्यालयीन काम पाहते. मंडळावर सात सभासद आहेत. डॉ. सुहा अध्यक्षा, ताहिर साहेब उपाध्यक्ष. सभासदाचा निरोप माझ्या तोंडून गेला की तो पक्का समजतात, कागद मागाहून येतो. ही पद्धत सुहा मॅडमनीच पाडली, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. होता असेच लिहावे.

बंदरांच्या सुरक्षेवरचा अहवाल ताहिर साहेबांच्या ओळखीच्या कंपनीकडून करून घ्यायचा की नाही, यावरून दोघांत बिनसले होते. सभेत ते एकमेकांकडे न बघता बोलत. आता एक तर समेट होणार, नाहीतर दोघांपैकी कोणीतरी जाणार, हे सगळ्यांना दिसत होते.

गेल्या रविवारी सकाळी मॅडम लंडनच्या विमानात असताना ताहिर साहेबांचा मला फोन आला. त्यांचे शब्द असे: "बेटी, सुहा मॅडम ने राज़ीनामा दे दिया. सब मेंबर्स को बता दो, यल्ला, जल्दी." मी विचारले, "सर, लिखके दिया?" ते म्हणाले, "आ जाएगा, इंशाल्ला." मी मॅडमना फोन लावला, तो बंद होता. मग मी बाकीच्या पाचही सभासदांना इंग्रजीत कळवले की अध्यक्षांनी पद सोडले आहे. दुपारी सभा होऊन ताहिर साहेब अध्यक्ष झाले. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या कार्डाने ऑफिसचे दार उघडेना.

पाचांपैकी एकानेही मला उलट प्रश्न केला नाही. सगळ्या आखाताच्या सुरक्षेवर मते देणारी ही मंडळी, पण आपली अध्यक्षा खरेच गेली का, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. मला याचा राग आहे, तोही लिहून घ्यावा.

आता ताहिर साहेब म्हणतात की उर्दूत राज़ीनामा म्हणजे समेट. त्यांचे म्हणणे, मॅडम अहवालाला राजी झाल्या एवढेच त्यांनी मला सांगितले, मुलगी मराठी, तिने आपल्या भाषेतला अर्थ घेऊन घोळ घातला. मग दुपारी अध्यक्ष कसे झाले, तर म्हणतात, सभासदच मॅडम गेल्या म्हणत आले, म्हणून त्यांनीही ते खरे मानले. मॅडम म्हणतात, समेटही झाला नव्हता आणि श्रावस्ती कोणाला तरी सामील आहे. इथे ठाण्यात केलेल्या तक्रारीत त्यांनी माझेही नाव घातले. लिफ्टपाशी समोर आल्या तेव्हा मला ओळख दिली नाही.

विचारल्यावरून सांगते की, साहेबांना मराठी अर्थ ठाऊक आहे. तुकाराम नावाचा गुहागरकडचा माणूस त्यांचा ड्रायव्हर होता, हल्ली जिदहफ्सला राहतो. त्याने नोकरी सोडली तेव्हा साहेब ऑफिसात हसत म्हणाले होते, "तुकाराम ने राजीनामा दे दिया, आप लोगों वाला." मी तुकारामला साक्षीला ये म्हटले. तो म्हणाला, "ताई, नवा व्हिसा त्यांनीच काढून दिलाय. मला नको घेऊस ह्यात." मी त्याला दोष देत नाही. मला वाईट मात्र वाटले.

आज ठाण्यात येण्याआधी साहेबांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "लिख दे कि ग़लती तेरी थी. मैडम से राज़ीनामा कर ले, मामला खलास. नहीं तो अपना वीज़ा देख ले." म्हणजे समेटाची गोष्ट होती तेव्हा ते "कर ले" म्हणाले. रविवारी "दे दिया" म्हणाले होते. समेट दोघांत होतो, एकटी बाई तो देत नाही. हा फरक साहेबांना चांगला कळतो. त्यांनी तो शब्द जाणूनबुजून माझ्या कानात घातला आणि आता साळसूदपणे हात वर केले, असा माझा संशय आहे.

माझा व्हिसा संस्थेचा आहे. त्यावर अध्यक्षांची सही लागते आणि अध्यक्ष आता तेच आहेत. माझी मुलगी संघप्रिया इथल्या शाळेत शिकते. काल तिने विचारले, "मम्मी, आर वी गोइंग बॅक?" मी तिला अजून काही सांगितलेले नाही.

जबाब वाचून दाखवताना दुभाष्यांनी रविवारच्या फोनच्या जागी "राज़ीनामा हो गया" असे वाचले. मी त्यांना थांबवले. ते म्हणाले, "ताई, एकच ना ते? आणि हो गया राहू दिलंत तर तुम्हीच सुटाल. गैरसमज झाला म्हणतील, मिटेल सगळं." मी म्हटले, एकच नाही. ते खोडून "दे दिया" करायला लावले. खाडाखोडीशेजारी माझी वेगळी सही आहे.

बाकी मजकूर मी कान देऊन ऐकला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. मी राज़ीनामा केलेला नाही. राजीनामा दिलेलाही नाही.