दुपारचा धूर

—झोपा की साहेब मनोऱ्यावर, मी कुठं नाही म्हणतो? बुकिंगमध्ये लिहिलंय ना, मग झालं. खालचा बंगला इंग्रजांच्या वेळचा, हातभर जाड भिंती, गार राहतो — पण लोकांना मनोराच पाहिजे. फोटो चांगले येतात म्हणे. मी? मी जालमसिंग. आता बंगल्याचा चौकीदार, आधी याच मनोऱ्यावर वणवा बघायचो. अकरा उन्हाळे. काम काय — बसायचं, धूर दिसला की वायरलेसवर सांगायचं. बस. तो डोंगर दिसतो ना, उघडा — नाही, डावीकडचा — तो मागल्या होळीनंतर जळला. कोणी लावला? मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, आमच्यात सगळेच जाळतात, त्यात काय? विझतो आपोआप. मलाही वाटलं, विझेल. एक वाजता धूर दिसला, बारीक, चुलीसारखा — आणि झाड मी ओळखलं. आमचंच. दिवली, माझी बायको, सकाळीच टोपली घेऊन गेली होती. आता वायरलेसवर काय सांगू? तिच्यावर केस होईल, माझी नोकरी जाईल — म्हणून बसून राहिलो. नाल्यापाशी येऊन विझेल म्हटलं. नाही विझला. सव्वादोनला सांगितलं. रजिस्टरमध्येही तेच आहे — धूर दिसला, सव्वादोन. काय? हो, खोटंच.

तोवर वारा फिरला. विझवायला तिघं गेले, ओल्या फांद्या घेऊन. दोघं आले. गोवाल नाही आला. गोवाल म्हणजे दिवलीचा भाऊ, धाकटा — मीच लावला होता त्याला कामावर, उन्हाळ्यापुरता. खापर गावच्या बाजारात नवे बूट घेतले होते त्यानं, त्यातल्या एकावरून ओळखला. मी? नाही, रडलो नाही. अजून नाही. दिवलीला माहीत आहे का? पाला तिनं जाळला, ते तिला माहीत आहे. मी तासभर बघत बसलो, ते नाही. तिला वाटतं, भाऊ तिच्या एकटीमुळं गेला. सांगायला पाहिजे — हो, पाहिजेच. रोज ती समोर भाकर ठेवते, रोज वाटतं आज सांगू — मग जेवण होऊन जातं. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे. तुम्ही उद्या जाणार, म्हणून असेल — थांबा. पायऱ्या वाजतायत. तीच. तुमचं जेवण आणतेय.

ये दिवली, ठेव इथं. काही नाही गं — साहेब विचारत होते, इथून बिबट्या दिसतो का.

नाही साहेब. नाही दिसत. जेवून घ्या.