डंपलिंगचे कान

...नाही, पण कान बघा ना! मी दुसरं काही म्हणतच नाहीये, कान बघा एवढंच म्हणतोय, आणि एवढं म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात जसा काही मीच कुठून तरी सुटून आलोय! तुम्हाला सांगतो, या गावात जन्मलो, उभी हयात इथे शाळेची बस चालवली, आणि आमच्याकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. दोन्ही कुत्री बुटकी, दोन्ही तांबूस, दोन्हींचे केस काथ्यासारखे राठ, दोघांचीही समजूत की आपण सिंह आहोत, नाकापासून शेपटीपर्यंत एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं... पण कान! आमचा हा नॉरफोक जिल्हा कसा, सपाट, तसे नॉरफोक टेरियरचे कान सपाट, पुढे पडलेले. आणि नॉर्विच शहरातल्या मोठ्या चर्चचा कळस कसा, उभा, तसे नॉर्विच टेरियरचे कान उभे. पडले तो नॉरफोक, उभे तो नॉर्विच. संपलं! यात वाद घालण्यासारखं आहे काय?

तर आमचा डंपलिंग. नॉरफोक. नऊ वर्षांचा. कान असे, पाकिटाच्या झडपेसारखे घडी घालून खाली. कुत्रा हेझलचा, हेझल म्हणजे माझी बायको, पण दुपार झाली की हा गडी पोचलाच अविसकडे. अविस ही हेझलची थोरली बहीण, लग्न केलं नाही, दलदलीच्या अगदी कडेला शेवटच्या घरात एकटी राहायची, आणि कुत्र्याला लोण्याची बिस्किटं खिलवायची. मी म्हणायचो, "अविस, अगं फुटेल तो." तर ती म्हणायची, "रॉयस्टन, तू नाही फुटलास अजून!" अशी बाई. ऑक्टोबरात गेली. झोपेत. आणि मातीच्या दिवशी असं धुकं, असं धुकं, की शवपेटी धरणाऱ्या चौघांपैकी पुढचे दोघं मागच्यांना दिसेनात. डंपलिंग गाडीत होता. चर्चमधून बाहेर आलो तर गाडीचं दार बंद, काचा बंद, आणि कुत्रा नाही! आता कसा नाही? मला काय विचारता? मी त्या धुक्याला विचारलं, त्याने तरी कुठे सांगितलं!

दलदल पालथी घातली हो मी. गुडघाभर चिखलात, लव्हाळ्यात, हाका मारून घसा बसला. आणि इकडे हेझल... हेझल बोलायचीच थांबली. म्हणजे रुसून नाही, रुसली की ती उलट जास्त बोलते. ही नुसती बसायची. चहाचा कप माझ्यापुढे ठेवायची नि खिडकीतून दलदलीकडे बघायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बाईला मी 'जरा गप्प बस गं' म्हणत आलो, ती गप्प बसली, आणि घर असं झालं की मी आपणहून रेडिओशी भांडायला लागलो.

आणि मग एका सकाळी दार उघडलं, तर पायरीवर कुत्रा. बसलेला. शांत. रात्रभर पावसाची झिमझिम, पायरी ओली, पायपुसणं ओलं, कुत्रा कोरडा. आणि कान... उभे!

मी म्हटलं, "हेझल, कुणाचा तरी नॉर्विच आलाय बघ." हेझल आली, तिने बघितलं, खाली बसली, आणि कुत्रा तिच्या कुशीत शिरला. "डंपलिंग," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी पहिला शब्द! "माझा डंपलिंग गं बाई, आलास? कुठे होतास?" मी म्हटलं, "अगं पण कान..." "घाबरलाय तो." "घाबरून कान उभे राहतात? मग मी लग्नाच्या दिवसापासून सशासारखा दिसायला हवा होतो!" आणि तुम्हाला सांगतो, हेझल हसली. हसली हो! आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? तोंड मिटावं. शहाण्या माणसाने तोंड मिटलं असतं.

मी त्याला गुरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेलो.

लार्टरबाई म्हणतात तिला, चोख बाई. तिच्या त्या बाहेरच्या खोलीत नेहमी काय गलका, भुंकणं, पिंजऱ्यातलं मांजर किंचाळतंय... आम्ही आत शिरलो नि सगळं बंद. एकजात सगळी जनावरं भिंतीला चिकटून बसली. लार्टरबाईने मानेवरून यंत्र फिरवलं, पीं वाजलं. "मिस्टर थर्टल, कातडीखालची ओळखीची चिप तुमच्याच डंपलिंगची आहे." मी म्हटलं, "बाई, यंत्राला कान दिसतात का? पडले तो नॉरफोक, उभे तो नॉर्विच!" ती म्हणाली, "पिल्लं असतात तेव्हा उभे राहतात कान. नऊ वर्षांच्या कुत्र्याचे नाही राहत." "मग हा आमचा नाही!" "पण चिप तुमची आहे." "मग आमचा आहे?" "पण कान तुमचे नाहीत." म्हणजे मी पैसे मोजून माझंच डोकं फिरवून घेतलं! आणि निघताना ती दारापर्यंत आली, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मिस्टर थर्टल, एक विचारू? मी कान तपासत होते ना, तेव्हा तो सारखा खिडकीकडे कान वळवत होता. त्या बाजूला काय आहे हो?" मी म्हटलं, "काही नाही. दलदल." ती म्हणाली, "हं." डॉक्टरने 'हं' म्हणू नये. डॉक्टरने 'हं' म्हटलं की रात्रीची झोप गेली समजा.

बरं, कुत्रा म्हणाल तर सगळं डंपलिंगसारखं करतो. त्याच खुर्चीखाली झोपतो, पोस्टमनवर त्याच तोऱ्यात भुंकतो. डंपलिंग माझे मोजे पळवायचा, हाही पळवतो. फक्त डंपलिंग ते परत आणायचा नाही. हा आणतो. राखाडी मोजा नेतो, तासाभराने राखाडी मोजा आणून ठेवतो, आणि तुम्हाला सांगतो, तो मोजा माझा नसतो! जवळजवळ माझा असतो. वीण जरा वेगळी, टाच जरा मोठी. मी हेझलला दाखवला तर म्हणते, "मोजा तो मोजा, घाल." घातला. दिवसभर पाय गार. शेकोटीपुढे धरला तरी गार.

आणि दुपारी चारच्या सुमाराला दलदलीवर धुकं उठायला लागलं की हा मागच्या दाराशी जाऊन उभा. कान ताठ, दलदलीकडे. ऐकतोय. मग वळतो, हेझलकडे बघतो. आणि हेझल बटाटे सोलता सोलता म्हणते, "बरं."

"कुणाला बरं म्हणालीस?"

"कुणाला नाही."

मी पबमध्ये सांगितलं. आमचा डेन्झिल मोब्स आहे ना, कुत्र्यांच्या प्रदर्शनात एकदा तिसरा नंबर मिळवला तेव्हापासून स्वतःला न्यायाधीश समजतो, तो नाकातून बोलतो असा, "अरे रॉयस्टन, पूर्वी एकच जात होती रे ती! एकाच वेताला एक पिल्लू पडक्या कानाचं, एक उभ्या. नंतर कागदावर वेगळ्या केल्या. त्यात एवढं काय!" मी म्हटलं, "डेन्झिल, एकाच वेताची दोन असतात हे मला मान्य आहे. एकाचंच दुसरं झालं, त्याचं बोल!" तर म्हणतो, "मग कानाची कळ कुणी दाबली असेल." असले मित्र!

शेवटी मी ठरवलं, जाऊन बघायचंच. चार वाजता कुत्र्याला दोरी लावली नि दलदलीत निघालो. मी त्याला नेत नव्हतो हं, तोच मला नेत होता. पाणी उपसायची ती जुनी पवनचक्की आहे ना, पाती गळून पडलेली, तिथवर आलो, आणि पुढे मोठा चर, काळं पाणी, पलीकडे लव्हाळं नि धुकं. कुत्रा थांबला. मी थांबलो. एक पक्षी ओरडत नव्हता. आणि पलीकडच्या काठावर, अहो, बसला होता! डंपलिंग! कान पडलेले, पाकिटाच्या झडपेसारखे, पोट सुटलेलं, मिशांना बिस्किटाचा चुरा लागलेला! मी ओरडलो, "डंपलिंग!" त्याने बघितलं, शेपूट हलवलं... आणि आला नाही. ओळख होती हो त्याच्या डोळ्यांत. पण पाहुण्याला देतात तेवढीच.

मग लव्हाळ्यातून शीळ आली. दोन सुरांची, दुसरा सूर घसरलेला. ती शीळ या जिल्ह्यात एकच बाई घालायची, आणि तिच्या पेटीचा कोपरा मी माझ्या या खांद्यावर वाहिला होता. तिच्या त्या पिवळ्या रेनकोटाची बाही दिसली... नुसती बाही. डंपलिंग उठला, बिस्किटाच्या वासाने जायचा तसाच दुडदुडत तिकडे गेला. आणि माझ्या शेजारचा, उभ्या कानांचा, जागचा हललासुद्धा नाही. बसलेला. जसं काही हे त्याला ठाऊकच होतं.

मी पळालो नाही. लोक म्हणतात पळाला. मी घाईने चाललो. बूट एक तिथे राहिला, ती गोष्ट वेगळी.

घरी आलो, एका पायात बूट, हेझल पातेल्यात डंपलिंग सोडत होती, खायचे, पिठाचे उकडायचे गोळे. मी म्हटलं, "हेझल, मी पाहिलं." ती म्हणाली, "बरा आहे ना?" तुम्हाला सांगतो, माझे कान त्या क्षणी उभे राहिले असतील! "कोण बरा आहे ना?" "डंपलिंग. जाडा झालाय का?" "तुला... तुला माहीत होतं?"

तिने चमचा खाली ठेवला. "रॉयस्टन, मला काय कान दिसत नाहीत? पहिल्या दिवशीच दिसले. अरे, अविस ती. जन्मभर माझ्याकडून एक वस्तू नेली नि दुसरीच आणून दिली. माझं केक भाजायचं निळं भांडं नेलं, हिरवट परत आलं. छत्री नेली, मूठ बदलून आली. आईची कात्री आठवते? आणि वर काय म्हणायची?"

आणि मला आठवलंच की! मी अविसच्या आवाजात म्हटलं, "हीच तर होती गं हेझल, तुझी नजरच अधू!"

हेझल हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "तिकडे एकटी आहे रे ती. तिला सोबत हवी होती. नेला तर नेला. पण मला रिकामं नाही ठेवलं तिने. कधीच नाही ठेवलं. तंतोतंत नसेल, पण देते परत." उभ्या कानांचा आला, तिच्या पायावर हनुवटी ठेवून बसला. मी डंपलिंग खाल्ले. चार.

तेव्हापासून मी गप्प. रस्त्यात लोक विचारतात, "नॉर्विच का हो?" मी म्हणतो, "नॉरफोक." "पण कान उभे आहेत!" मी म्हणतो, "हो, आहेत खरे." पडले तो नॉरफोक, उभे तो नॉर्विच, आणि आमचा तो आमचा. मिटलं.

मिटलं होतं! काल दुपारपर्यंत! काल चार वाजता हा उठला, मागच्या दाराशी गेला, कान ताठ, बराच वेळ ऐकलं. वळला. हेझलकडे बघितलं. आणि मग, आजवर कधी नाही ते, सावकाश मान फिरवून माझ्याकडे बघितलं. हेझल भांडी पुसत होती. म्हणाली, "अविसच्या परसातलं फाटक निखळलंय वाटतं. तासाभराचं काम असेल माणसाचं."

मी म्हटलं, "हेझल. वाटेल ते दे. शिडी दे, हातोडा दे, गाडी दे. फक्त मला उसना देऊ नकोस. परत कोण येईल याचा भरवसा नाही."

आणि तुम्हाला सांगतो... इतक्या वर्षांची बायको माझी... तिने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, फडकं वाळत टाकलं, आणि म्हणाली,

"बघू."

बघू!